चौदा आण्यांच्या मॅडम

"दार लागलंय ना?"

आमच्या मॅडमचा फोन असा सुरू व्हायचा. हॅलो नाही, जेवलीस का नाही, काही नाही. दार म्हणजे घराचं नव्हे, प्रयोगशाळेतल्या इन्क्युबेटरचं. ज्या उबदार पेटीत आम्ही पेशी वाढवायचो, तिचं. ते उघडं राहिलं तर पेशी मरतात, हे खरं. पण माझ्या तिथल्या सगळ्या वर्षांत ते एकदाही उघडं राहिलं नाही, हेही तितकंच खरं. मी म्हणायचे, "लागलंय, मॅडम." मग लगेच तो प्रश्न, ज्याची मला अजून स्वप्नं पडतात.

"किती आणे?"

हे आण्यांचं प्रकरण आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. 'सोळा आणे खरं' असं आपण सहज बोलून जातो. मॅडमनी ते फार मनावर घेतलं होतं. त्या खात्री आण्यांत मोजायच्या. सोळा आणे म्हणजे पुरती खात्री, आणि पुरती खात्री कुणाला कशाचीच नसते, असं त्यांचं ठाम मत. (त्या मताची खात्री किती आणे, हे विचारायची आमची हिंमत नव्हती.) शहाण्या माणसानं फार तर चौदा आण्यांपर्यंत जावं. "वरचे दोन देवाचे," असं म्हणायच्या, आणि देव तर मानायच्या नाहीत.

पीएचडीच्या मुलाखतीला नाशिकला गेले तेव्हा त्यांनी माझी जन्मतारीख विचारली. मी सांगितली.

"किती आणे?"

"मॅडम, माझीच आहे!"

"अगं, तू होतीस तिथं, पण तुला आठवतंय का? दुसऱ्यानं सांगितलेली गोष्ट. बारा आणे."

मला हसू फुटलं, घाबरले की मला हसू येतं. त्यावर त्या म्हणाल्या, "ये सोमवारपासून." गावी परतताना दिंडोरीच्या एसटीत बसल्यावर मनात आलं, बाई सटकलेली आहे. आणि लगेच दुसरं मनात आलं, चौदा आणे. म्हणजे रोग पहिल्याच दिवशी लागला होता.

दिसायला मॅडम इवल्याशा. सुती साडी, तिला ठिकठिकाणी पिना, पायात कापडी बूट आणि दोन्ही मनगटांवर घड्याळं. एक चुकलं तर कळावं म्हणून दुसरं. पुढे दोघांत तीन मिनिटांचा फरक पडायला लागला, तेव्हा खरी पंचाईत झाली, कारण त्यातलं चुकलेलं कुठलं ते कळेना. मग तिसरं घेतलं. ते पर्समध्ये असायचं.

आमच्या लॅबचे शिपाईमामा येवल्याकडचे. मॅडमच्या गोष्टी त्यांनीच सांगाव्यात. "एकदा भाचीच्या लग्नाला निघाल्या मुंबईला," ते सांगायचे, "अन् अर्ध्या वाटंतून, घोटीवरून माघारी आल्या. कशापायी? तर फ्रिजचं दार. म्हणलं, मॅडम, मला फोन करायचा व्हता, मी बघितलं असतं की. तर म्हणल्या, मामा, तुम्ही बघितलं असतं, पण मी नसतं ना बघितलं!" दार अर्थातच लागलेलं होतं. लग्न मात्र चुकलं. भाची पुढे वर्षभर बोलत नव्हती म्हणे. मॅडमना त्याचं वाईट वाटायचं, पण पुन्हा तशी वेळ आली असती तर पुन्हा घोटीवरून माघारी आल्या असत्या, हे मी चौदा आणे सांगते.

लोक हसायचे. मीही हसायचे. पण त्यांच्याजवळ राहिलं की ती काळजी सर्दीसारखी लागायची. मी गॅसचा नॉब तीनदा बघायला लागले. कुलूप लावून जिना उतरायचे आणि परत वर जायचे. सतत काहीतरी राहिलंय, विसरलंय असं वाटायचं. आणि मॅडम खूश! त्यांच्या मते मी आता कुठे संशोधक होत होते.

आमचा विषय स्वभक्षण. नाव ऐकून अघोरी वाटतं, पण गोष्ट घरगुती आहे. पेशीत मोडकातोडका माल साचतो. पेशी तो पिशव्यांत भरते, त्या पिशव्या एका ठिकाणी नेऊन त्यांचा गाळ करते आणि कामाचं असेल ते परत वापरते. पेशीला उपाशी ठेवलं की हे काम वाढतं. झालं, एवढं कुठेतरी वाचून अख्खं नाशिक मॅडमना उपवासाबद्दल विचारायचं. कॉलनीतले एक निवृत्त काका रोज व्हॉट्सअ‍ॅपवर 'एकादशीमागचं विज्ञान' पाठवायचे. मॅडम एकादशीला मुद्दाम त्यांच्या फाटकासमोरून मिसळ खायला जायच्या. एकदा काकांनी अडवलंच, "अहो, तुम्ही स्वतः या विषयातल्या, आणि उपवास नाही?"

"मी पेशी उपाशी ठेवते, काका. ताटलीतल्या. तुम्ही ताटलीत राहता का?"

पुढचा आठवडाभर 'एकादशीमागचं विज्ञान' आलं नाही.

आता घंटागाडी. बाकी सगळं विसरा, पण हे लक्षात ठेवा.

पहिल्याच महिन्यात मॅडम आम्हा दोघी-तिघींना गंगापूर रोडच्या एका गल्लीच्या कोपऱ्यावर घेऊन गेल्या. तिथे कचऱ्याच्या पिशव्यांचा हा एवढा ढीग. नाकाला रुमाल लावून आम्ही उभ्या. "सांगा," मॅडम म्हणाल्या, "काल ढीग लहान होता, आज मोठा. यावरून काय कळलं?"

मी म्हटलं, "लोकांनी आज घरं जास्त साफ केली."

"किंवा?"

 तेवढ्यात समोरच्या बंगल्यातल्या बाई ओरडल्या, "अहो, तुम्ही महापालिकेच्या का? तीन दिवस झाले, घंटागाडी आली नाही!"

मॅडमना एवढा आनंद झालेला मी परत पाहिला नाही. "बघ! ढीग वाढला म्हणजे सफाई वाढली, की गाडीच आली नाही? नुसता ढीग बघून सांगता येत नाही. कधीच नाही."

आमच्या कामात हाच सापळा असतो. पेशीत पिशव्या किती झाल्या ते चाचणीच्या फिल्मवर उमटणाऱ्या एका काळ्या पट्टीवरून कळतं; पट्टी गडद तितक्या पिशव्या जास्त. पण गडद का, ते पट्टी सांगत नाही. त्यासाठी क्लोरोक्विन, ते मलेरियाचं जुनं औषध, घालून पेशीतली गाडी आपण होऊन बंद पाडायची. बंद पाडल्यावर पट्टी आणखी गडद झाली, तर आधी गाडी चालू होती. काहीच फरक पडला नाही, तर ती आधीच बंद होती. इतकं सोपं. आणि हे सगळं त्या उकिरड्यापाशी उभं राहून शिकलेली मी, वेळ आली तेव्हा विसरले. विसरले कसली, विसरायचं ठरवलं.

त्याचं कारण माझी आई.

आई द्राक्षबागेत विरळणीला जायची. घडातले दाटलेले मणी बारीक कात्रीनं कापून काढायचे, म्हणजे उरलेले फुगतात. दहा बायकांची टोळी, आणि आई त्यांची मुकादम. तिच्या हातची विरळणी असली की बागवाले डोळे मिटून पुढच्या ओळीला जायचे. त्या उजव्या हाताला कंप सुटला. नाशिकच्या डॉक्टरांनी तपासून कंपवात सांगितला. गोळ्या दिल्या, दिवसातून तीनदा, कायमच्या. गोळ्यांनी आईला मळमळायचं. ती म्हणायची, "हाताचं ऱ्हाऊ दे, ह्या पोटाचं बघा आधी."

कंपवातात मेंदूच्या पेशींत कचरा साचतो, एवढं मला माहीत होतं. आणि माझा प्रबंध होता वायनरीतून निघणाऱ्या द्राक्षाच्या चोथ्यावर. सालं, बिया. त्यांचा अर्क मी पेशींना दिला आणि पट्टी काळीकुट्ट आली. मी ती हातात घेऊन दहा मिनिटं नुसती उभी होते. सफाई वाढली! द्राक्षाच्या बीनं! ज्या द्राक्षांनी आईचा हात झिजवला, तीच तो बरा करणार. मला वेड लागायचं बाकी राहिलं होतं.

मॅडमनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. "छान. क्लोरोक्विन?"

"करते, मॅडम."

"कधी?"

"करतेच."

केलं नाही. आज पेशी कमी आहेत, उद्या औषध मागवायचंय, परवा दिवाळी. मला खोटं ठरायचं नव्हतं. आणि दिवाळीला घरी जाताना मी वायनरीतला चोथा वाळवून, बिया दळून बरणीभर पावडर नेली. मॅडमना न सांगता. आईला म्हटलं, "रोज एक चमचा. माझ्या पीएचडीचं औषध आहे." फराळाच्या ताटासमोर बसून मी तिला सगळं शास्त्र समजावलं. ती मान डोलवत ऐकत होती. तिला किती कळलं, याचा मी विचारच केला नाही.

मग रोज फोन. "आई, हात कसा आहे?"

"लय बरा."

"पावडर घेतेस ना?"

"रोज. आता इरळणीला बी जाते."

मी फोन ठेवायचे आणि गाणं म्हणायचे. मामा विचारायचे, "ताई, लग्न ठरलं का?"

थंडी पडली तशी मॅडमनी माझी मानगूटच धरली. "क्लोरोक्विनशिवाय तुझ्या एका ओळीवर मी सही करणार नाही." करावंच लागलं. तीन वेळा केलं, कारण पहिल्या दोन वेळा मी स्वतःलाच सांगितलं, माझं चुकलं असेल. तिन्ही वेळा तेच. गाडी बंद पाडा न पाडा, पट्टी तेवढीच. माझ्या अर्कानं सफाई वाढत नव्हती. माझ्या अर्कानं घंटागाडीच अडवून ठेवली होती.

मॅडम खुर्चीत नीट बसल्या आणि चक्क हसल्या. "अगं, रडतेस काय? गाडी बंद पडते हेही कळणंच आहे. यावर झकास प्रबंध होतो. वर्ष-दीड वर्ष जास्त लागेल."

"मॅडम, मी हे आईला देतेय."

त्यांच्या हातातली पेन्सिल थांबली. "काय देतेयस?"

"बियांची पावडर. दिवाळीपासून. रोज चमचाभर." मग मी कंपवाताचं सांगितलं. हुंदके देत, अर्धं पुढचं मागे, मागचं पुढे. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "ताटलीतल्या पेशींत झालं ते माणसात होईलच असं नाही. चमचाभर बियांनी बहुतेक काही होत नाही. मला पावडरची भीती नाही वाटत. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत?"

"आहेत."

"किती आणे?"

 रोज फोन केला होता. रोज हात विचारला, पावडर विचारली. गोळ्या एकदासुद्धा विचारल्या नव्हत्या. "आठ," मी म्हणाले. तेही खोटंच होतं.

"ऊठ," मॅडम म्हणाल्या.

त्यांची जुनी लाल गाडी. चाळिसाच्या वर काटा कधी गेला नव्हता, त्या दिवशी गेला. कॉलेजच्या फाटकाशी मी वाट बघत होते की आता या थांबतील, परत जातील, इन्क्युबेटरचं दार बघून येतील. त्या थांबल्या नाहीत. एकदा मागेही वळून बघितलं नाही.  या बाईला दार आठवत नाही, म्हणजे प्रकरण काय आहे!

आई ओट्यावर बसली होती, पदर घट्ट लपेटून. मला आणि बरोबर मॅडमना बघून गडबडली. "अगं, कळवायचं तरी! बाई, या, बसा. चटई टाक गं."

भर दुपारी बारा वाजता, विरळणीला रोज जाणारी माझी आई घरी कशी, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मॅडमच्या आलं. त्यांनी इकडची तिकडची एक गोष्ट केली नाही.

"ताई, हात कसा आहे?"

"लय बरा हाय, बाई. हिच्या औषधानं."

"किती आणे बरा?"

मला वाटलं, आईला काय कळणार हे! पण आई जुनी. तिनं लगेच सांगितलं, "सोळा आणे!"

 मॅडम म्हणाल्या, "पाणी देता का जरा?"

"दे गं बाईंना पाणी," आई मला म्हणाली.

"नाही. तुमच्या हातचं हवं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारात आलेला पाहुणा असं बोलतो का? पण आई उठली. आतून भांडं वाजल्याचा आवाज आला, पुन्हा आला. ती बाहेर आली तेव्हा पेला डाव्या हातात होता, उजवा पदराखाली, आणि पायावर साडी भिजलेली. पेला अर्धाच भरला होता. मॅडमनी तो घेतला, सगळं पाणी प्यायल्या आणि पेला खाली ठेवला.

"गोळ्या कुठे आहेत, ताई?"

आईची नजर आतल्या फळीकडे गेली. मी आत गेले. तांदळाच्या डब्यामागे पाकिटं होती, न फोडलेली. दिवाळीपासूनची.

"आई! अगं, गोळ्या का सोडल्यास?"

"तूच म्हणली व्हतीस," आई म्हणाली. तिला माझा राग आला होता, आणि रास्त होता. "फराळाला बसल्यावर. म्हणली, दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा ते कळत नाय. एका टायमाला एकच. मंग मी एकच घेतलं. तुझं."

ते मी म्हटलं होतं. लाडवाचा तुकडा तोंडात टाकत, मोठ्या ऐटीत. आणि ते माझंही नव्हतं. मॅडमनी आम्हाला पहिल्या दिवशी पढवलेलं वाक्य, जसंच्या तसं.

"मग बरं वाटतंय म्हणून रोज का सांगत होतीस गं?"

"मंग काय सांगू? तुझं औषध, तुझी पीएचडी. मी नाय गुण आला म्हणले असते तर ती अडली नसती का? इतकी वर्सं झाली. लोकं इचारून इचारून दमली, पोरीचं कधी व्हायचं म्हणून. म्हणलं, माझ्यामुळं नको."

मी तिथेच ओट्यावर बसून रडले, अगदी हंबरडा फोडून. शेजारच्या दोघी दारात आल्या आणि मॅडमनी हातानंच त्यांना परत पाठवलं. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. त्या आईच्या शेजारी सरकल्या.

"चूक माझी आहे, ताई. तो नियम माझा. पेशींसाठी केलेला. घरातल्या माणसाला तो लावायचा नसतो, हे मी हिला शिकवलंच नाही. मला वाटलं, तेवढं माणसाला कळतं."

मग त्यांनी नाशिकच्या डॉक्टरांना फोन लावला. जे झालं ते सगळं सांगितलं, माझी बाजू न घेता आणि माझ्यावर न ढकलता. डॉक्टर चिडले. अशा गोळ्या एकदम सोडायच्या नसतात, आणि आता एकदम सुरूही करायच्या नाहीत, चार वाजता घेऊन या, म्हणाले. मॅडम सगळ्यावर "हो, हो" म्हणत होत्या, विद्यार्थिनीसारख्या.

फोन ठेवून त्या आईला म्हणाल्या, "डॉक्टर विचारतील, तेव्हा जे आहे ते सांगा. वाईट असेल तर वाईट. त्यानं हिचं काही अडत नाही."

"खरंच नाय अडत?"

"उशीर होईल. अडणार नाही."

 मग आई म्हणाली, "सकाळच्याला पाय उचलत नाय. बटण लागत नाय. परवा इरळणीला गेले, तर चांगलाच घड कापून ठेवला, तवापासून गेले नाय." आणि शेवटी, "लय भ्या वाटतं, बाई."

"मलाही," मॅडम म्हणाल्या. "मला तर रोज वाटतं."

आईनं त्यांच्याकडे नीट बघितलं, दोन घड्याळांकडे, पिनांकडे. मग तिनं पदराखालचा हात बाहेर काढून मांडीवर ठेवला. तो हलायला लागला, तिनं तो हलू दिला. दिवाळीपासून रोज मी त्या हाताची चौकशी करत होते. तो बघत होते आज पहिल्यांदा.